मैना थांबायला शिकली

सारंगखेड्याला घोडा घ्यायला येणारा माणूस काय बघतो ते आधी सांगते, कारण अपंग मुलांना बसवण्यासाठी घोडी शोधणाऱ्या आम्हाला त्यातलं फारच थोडं हवं होतं. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर ठाऊक आहे. राजस्थानातून मारवाडी येतात, सौराष्ट्रातून काठेवाडी, उत्तरेकडून पांढरेशुभ्र नुकरे. गिऱ्हाईक आधी उंची विचारतं, मग रंग, मग अंगावरच्या भोवऱ्या. देवमन, म्हणजे शुभ मानलेली भोवरी, आहे का, चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी आहे का, मारवाडी असेल तर कानांची टोकं वर एकमेकांना भिडतात का. मग रेवाल चाल पाहायची, बसणाऱ्याच्या हातातलं पाणी हलू नये अशी. आणि शेवटी नाच. ढोलकीवर थाप पडली की घोडी पुढचे पाय छातीपर्यंत उचलते आणि भोवती गर्दी जमते.

आबांनी पहिल्याच दावणीशी जाऊन विचारलं, "उभी ऱ्हास का?"

व्यापाऱ्याला प्रश्न कळला नाही. उभी तर सगळीच होती. आबांना विचारायचं होतं ते असं: पाठीवर माणूस चढत असताना, त्याला चढायला वेळ लागत असताना, त्याचा पाय चुकून तिच्या पुठ्ठ्याला, म्हणजे पाठीमागच्या भागाला, लागला, कुबडी तिच्या पायाशी पडली, तो ओरडला, तरी ती उभी राहते का?

मी दोंडाईच्याला फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा होऊन शरीराच्या हालचाली बिघडलेली, मुलं बरीच असतात. शहाद्याहून, शिंदखेड्याहून, पार धडगावकडून आईबाप एसटीने घेऊन येतात. आबा माझ्या माहेरच्या नात्यातले. तापीपासून जवळच त्यांची शेती आहे, आणि घरात घोडं ठेवायची तीन पिढ्यांची सवय. अपंग मुलांना घोड्यावर बसवून त्यांच्या शरीराचा तोल सुधारता येतो हे मी शिकत असताना वाचलं होतं, पुढे एका केंद्रात राहून पाहिलंही होतं. आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पडकातली जमीन सपाट करून घेऊ.

घोड्याचं काय एवढं विशेष, असं लोक मला अजून विचारतात. उत्तर त्याच्या साध्या चालीत आहे. दुडकी नको, रेवाल नको, साधी कदमची चाल. या चालीत चार पाय वेगवेगळे पडतात, चार ठोके मोजता येतात, मिनिटाला साधारण शंभर पावलं. प्रत्येक पावलागणिक घोड्याची पाठ पुढेमागे, खालीवर आणि डावीउजवीकडे हलते. वर बसलेल्या माणसाची कंबर त्याच तऱ्हेने हलते, आणि हे हलणं आपण दोन पायांवर चालताना कंबर हलते त्याच्याशी फार जुळतं. जे मूल आयुष्यात एकदाही चाललेलं नाही त्याच्या कंबरेला, पाठीला, मानेला चालण्याचा अनुभव मिळतो. दर पावलाला तोल जातो आणि दर पावलाला शरीर तो सावरतं. माझ्या खोलीत चेंडूवर बसवून मी तासभर जे करून घेते ते इथे घोडीच्या पाठीवर आपोआप होतं, आणि मूल रडत नाही.

म्हणून रेवाल चालीची घोडी आम्हाला चालणार नव्हती. ती बसणाऱ्याला हलूच देत नाही, तिचा मोठेपणा त्यातच आहे. आम्हाला हलवणारी हवी होती, पण एकसारखं, न दचकता.

मैना आम्हाला यात्रेच्या कडेला एका कडुलिंबाखाली भेटली. कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, कपाळावर पांढरा टिळा, दातांवरून नऊ-दहा वर्षांची. वरातीची घोडी. नवरदेव पाठीवर घेऊन तिने कितीतरी लग्नं पार पाडली होती. दलाल आमच्याकडचाच होता. तो म्हणाला, "ताई, हाई घोडी नाचस, पन चावस नही, लाथ मारस नही."

आम्ही तिच्याजवळ बराच वेळ काढला. आबांनी चारही खूर उचलून पाहिले. मी मागून, तिला आधी आवाज देऊन, पुठ्ठ्यावर हात टेकत पलीकडे गेले. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे त्याला दिसत नाही, म्हणून तिथून गुपचूप जायचं नसतं. मग मी सोबत आणलेली ॲल्युमिनियमची कुबडी तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर टाकली. खणखण झालं. मैनाने मान वर केली, दोन्ही कान कुबडीकडे वळवले, नाकपुड्या फुगवल्या, आणि एक पाऊल मागे घेतलं. पळाली नाही. थोड्या वेळाने मान लांब करून तिने कुबडी हुंगली. मग कान सैल पडले आणि ती जीभ फिरवून तोंड चावल्यासारखं करू लागली.

त्याच ओळीत एक पांढरा घोडा होता. कुबडी पडली तेव्हा त्याचा कानही हलला नाही. आमच्याबरोबर आलेला आबांचा पुतण्या म्हणाला, हाच घ्या, किती गरीब आहे. पण त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. नजर कुठे लागलेली नाही, ओठ घट्ट, मान एकाच उंचीवर. मार खाऊन खाऊन किंवा कामाने पिचून काही घोडी अशी होतात. काही केलं तरी आपल्या हातात काही नाही हे त्यांना कळून चुकलेलं असतं, म्हणून ती काही करतच नाहीत. लोकांना वाटतं शांत आहे. असं जनावर वर्ष-दोन वर्षं दगडासारखं राहतं आणि एखाद्या दिवशी एकदम फुटतं. त्या दिवशी त्याच्या पाठीवर कोण असेल सांगता येत नाही. त्या पांढऱ्या घोड्याची मला फार दया आली. पण घेतली मैना. तिने कुबडीची दखल घेतली होती आणि मग ठरवलं होतं की भ्यायचं कारण नाही. मला हे ठरवणारं जनावर हवं होतं.

बयाणा दिला, पण रक्ताची तपासणी होईपर्यंत पूर्ण पैसे नाहीत, असं आबांनी आधीच ठरवून घेतलं. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसाला होतो आणि जिवावर बेततो. तो इतका गंभीर की बाधा झालेलं जनावर कायद्याने मारावंच लागतं. आपल्या देशात हिसारची राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची प्रयोगशाळा यातलं मुख्य ठिकाण. दुबळ्या मुलांच्या जवळ आणायचं जनावर तपासल्याशिवाय आणणं मला पटणारंच नव्हतं. अहवाल निर्दोष आला तेव्हा मैना टेम्पोतून घरी आली. लागलीच धनुर्वाताची लस टोचली. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो हे घोडं न पाळणाऱ्या माणसाला ठाऊक नसतं.

घरी आल्यावर तिचं तोंड नीट पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यांत आणि जिभेवर जुने व्रण होते. काटेरी लगामाचे. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला दाते असतात, ओढलं की ते रुततात, घोडी मान उंच ताणते, आणि वरातीत ती मान रुबाबदार दिसते. १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांत ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना असा काटेरी लगाम घालायला बंदी आहे. त्याला साठेक वर्षं झाली, आणि बाजारात तो अजून टांगलेला दिसतो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. मैनाच्या तोंडात आम्ही पुन्हा लोखंड घातलंच नाही. जाड सुती पट्ट्यांची म्होरकी, हनुवटीखाली कडी, त्याला दोर. तिला धरून चालणारा माणूस नेहमी असणारच होता, तर लगामाची गरज काय?

पहिले काही आठवडे तिच्याकडून काहीच करून घेतलं नाही. आमच्याकडे घोड्यांची निगा राखणारे एक म्हातारे मोतद्दार काका येतात, त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, "ताई, तिले टाइम द्या." लग्नसराईत रात्री काम, दिवसा प्रवास, खाणं मिळेल तेव्हा आणि एकदम. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान असतं, त्यात आम्ल सारखं झिरपत राहतं, आणि त्याला उलटी करता येत नाही. निसर्गाने त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला घडवलं आहे. उपाशी ठेवून एकदम तोबरा भरला तर पोटशूळ होतो आणि त्यात घोडी मरतात. मैनापुढे दिवसभर दादरचा कडबा ठेवला, सकाळ-संध्याकाळ थोडा लसूणघास, पाणी कायम. दादर म्हणजे आमच्या खान्देशातली रब्बीची ज्वारी. तिच्या भाकरीची चव इथल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही, आणि तिचा कडबा जनावरं वेचून खातात. दोन-अडीच महिन्यांत मैनाच्या बरगड्या झाकल्या, आयाळ चमकायला लागली. टेपने छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजली. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ११,८८०, सगळं सेंटिमीटरमध्ये, म्हणजे किलो निघतात. मैना साधारण ३४० किलोंची भरली. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नसावा असा जगभरचा अंदाज आहे. म्हणजे खोगिरासकट ६८ किलो. पण ज्याला तोल सावरता येत नाही त्याचं वजन पाठीवर एका बाजूला पडतं, ते जड जातं. आम्ही माणसाची मर्यादा ५५ ठरवली आणि ती कोणासाठी सोडली नाही.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते कुठल्याही पुस्तकात मला आयतं सापडलं नाही. वरातीची घोडी घ्यायचा एक फायदा होता. बँडबाजा, फटाके, जनरेटरचे दिवे, अंगाला लागणारी गर्दी, अंगावर झूल, पाठीवर घाबरलेला नवरदेव, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरने तिचा एक केस हलत नव्हता. पण टाळी वाजली की ती नाचायची.

हे मला पहिल्यांदा आबांच्या नातीमुळे कळलं. तिने मैनाला पाहून आनंदाने टाळ्या वाजवल्या, आणि मैनाने लगेच मान ताणली, पुढचा उजवा पाय गुडघ्यात मोडून उचलला, मग डावा. मुलीला मौज वाटली. मला दिसलं की मैनाचे डोळे मोठे झाले होते, शेपटी आवळली होती, आणि पाय उचलत असताना ती तिरक्या नजरेने माणसांच्या हातांकडे पाहत होती. हातात काय आहे ते बघत होती. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्मी मुलं खूश झाली की टाळ्या वाजवतात. काहींचे हात तर त्यांच्या इच्छेवाचूनच एकमेकांवर आदळतात.

आबा म्हणाले, "डाक्टरताई, तिले नाचनंच येस. वरातमा थांबनं कोन शिकाडस?"

थांबणं शिकवायचं म्हणजे काय करायचं, यावर मी, आबा आणि मोतद्दार काका ओट्यावर बसून खूप बोललो. काकांचं म्हणणं, तिला नाचल्यावर रागवायचं नाही, कारण नाचली नाही म्हणून तिने आजवर मार खाल्ला आहे. आता नाचली म्हणूनही बोलणी खाल्ली तर तिने करायचं तरी काय? मला हे फार खरं वाटलं. आम्ही ठरवलं की नाचली तर कोणी काही करायचं नाही, तिच्याकडे पाहायचंही नाही. थांबली, की लगेच दोर ढिला सोडायचा आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर बोटांनी खाजवायचं. घोडी एकमेकांना नेमकी तिथेच दातांनी खाजवतात आणि तिथे खाजवलं की त्यांच्या काळजाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे.

सुरुवात पार बांधाच्या टोकापासून केली. पुतण्या तिकडे उभा राहून हलकी टाळी वाजवायचा, इतकी हलकी की तिचा फक्त कान वळावा. कान वळला, पाय जमिनीवर राहिले, खाजवा. पुन्हा टाळी. पाय उचलला तर आम्ही सगळे झाडासारखे. ती गोंधळायची. पाय उचलून ठेवायची, कोणी काही बोलत नाही म्हणून खाली ठेवायची, आणि त्याच क्षणी काकांची बोटं आयाळीखाली जायची. रोज थोडंच करायचो, तिचं लक्ष उडायच्या आत संपवायचो. पुतण्या दर दोन-चार दिवसांनी दहा पावलं जवळ यायचा. श्रावणात कानबाईची, आमच्या खान्देशातल्या देवीची, मिरवणूक आमच्या रस्त्याने गेली, डफ जोरात, बायका गात होत्या, आणि मैनाने सगळं विसरून अंगणात असा नाच केला की मिरवणुकीतल्या बायकांनी तिला ओवाळलं. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुतण्याला पुन्हा बांधाच्या टोकाला पाठवलं.

पोळा झाला, नवरात्र गेलं. त्या सुमारास एका सकाळी आबांच्या नातीने तिच्या अगदी तोंडासमोर टाळ्या वाजवल्या. मैनाने मान खाली केली आणि आपणहून खांदा काकांच्या हाताकडे सरकवला. चारही पाय जमिनीवर. काकांनी खाजवलं, पण त्यांना बोलवेना.

बाकीचं शिकणं त्यामानाने सोपं गेलं. चाकाच्या खुर्चीतून थेट घोडीवर बसता यावं म्हणून विटांचा उतार बांधला, एक फूट चढायला बारा फूट लांबी या प्रमाणात, वर सपाट ओटा, आणि ओट्याला लागून घोडीने येऊन उभं राहायची गल्ली. घोड्यावर डावीकडून चढायचा रिवाज आहे. आमच्या मुलांना हे बंधन परवडत नाही, ज्याचा डावा पाय उचलत नाही त्याने काय करायचं? म्हणून सगळं दोन्ही बाजूंनी शिकवलं. एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने आली की घोडी नव्याने दचकते, त्यामुळे खुर्ची, कुबडी, वॉकर, छत्री, प्लास्टिकची पिशवी, सगळ्यांची ओळख दोनदा. पाठीवर आधी आम्ही मोठे बसलो. मुद्दाम वेडेवाकडे, एका बाजूला कलंडून, मानेवर पडून, अचानक ओरडून. कलंडलं की काका दोर धरून थांबायचे. काही दिवसांनी ती काकांच्या आधी थांबू लागली.

यावर येणारे आईबाप म्हणतात की तिला कळतं, देवाचं जनावर आहे. मी त्यांना अडवत नाही. मला स्वतःला वाटतं की ती पाठीवरच्या भाराकडे लक्ष देते. भार मधून सरकला की काहीतरी बिघडणार हे तिला समजलेलं आहे, आणि थांबल्यावर बरं होतं हेही. माशी बसली तरी कातडी थरथरवणारं जनावर आहे ते, त्याला पाठीवरच्या मुलाचा झोक कळणारच. एवढं लक्ष, फेरीमागून फेरी, मुलामागून मूल, देत राहायचं. गुरुजींनाही वर्गावर हे जमत नाही.

एका मुलामागे तीन माणसं लागतात. एक दोर धरून घोडीच्या मानेशी, दोघं दोन्ही बाजूंनी, मुलाच्या मांडीवर हात आडवा ठेवून. कॉलेजातल्या मुली यायला लागल्या, त्यांना आधी पोत्यावर सराव दिला. डोक्याला हेल्मेट हवंच. रिकिबीला एका बाजूने रबरी पट्टा, पाय अडकला तर तो सुटून येतो. प्रत्येक महिन्याला एकदा संकटाचा सराव: हाक दिली की मुलाला उचलून बाजूला घ्यायचं आणि दोरवाल्याने घोडीला विरुद्ध बाजूला न्यायचं.

कोणाला बसवायचं नाही हेही आईबापांना स्पष्ट सांगावं लागतं, आणि ते माझं सगळ्यात अवघड काम आहे. झटके औषधाने आटोक्यात नसतील तर नाही. खुब्याचा सांधा निखळलेला असेल तर नाही. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला जोड सैल असतो, धक्क्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या तपासणीशिवाय आणि मानेच्या एक्स-रेशिवाय नाही. एका आजोबांनी नातवाला घेऊन अक्कलकुव्याहून येऊन हे ऐकलं आणि शांतपणे विचारलं, मग नुसता हात लावू द्याल का. तेव्हापासून हात लावण्याचा वेगळा वार ठेवला आहे.

पहिला बसला तो आठ वर्षांचा मुलगा. दोन्ही पाय ताठ, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर आवळलेल्या. ओट्यावरून त्याला बसवताना मांड्या उघडेनात. आम्ही जोर केला नाही. खोगीर काढून जाड घोंगडी घातली होती, आधी त्याला आडवं, पोटावर झोपवलं. घोड्याच्या अंगाचा उबारा माणसापेक्षा किंचित जास्त, ३८ अंशांच्या आसपास. मैना उभी. तो पडून होता, एक गाल तिच्या पुठ्ठ्यावर. किती वेळ गेला मी मोजला नाही. हळूहळू त्याचा एक पाय खाली सरकला. मग आम्ही त्याला वळवून बसवलं. ती चालायला लागली आणि दुसऱ्या फेरीत त्याची पाठ सरळ झाली, माझ्या हाताखाली ती सरळ होताना मला कळली. त्याने टाळ्या वाजवल्या. मैना चालत राहिली.

उतरवल्यावर त्याच्या आईने विचारलं, "आता चालेल का?" मी तिला खरं तेच सांगितलं. घोडी मेंदूची इजा बरी करत नाही. बसणं सुधारतं, मान धरणं सुधारतं, ताठरपणा काही काळ उतरतो, व्यायामाला गती येते. घरचा व्यायाम सोडायचा नाही. तिने मान डोलावली आणि पुढच्या वेळेला आली तेव्हा व्यायामाची वही भरून आणली.

मोठी माणसंही आली. शिरपूरचे एक झेरॉक्सचं दुकान चालवणारे गृहस्थ, लहानपणी पोलिओ झालेले, ते पुतणीला घेऊन यायचे आणि कुंपणापाशी थांबायचे. एकदा मी म्हटलं, तुम्ही बसा. ते म्हणाले, ताई, आमच्यासारख्यांचं काय घोड्यावर. मग मी त्यांना लिस हार्टेलबद्दल सांगितलं. डेन्मार्कची बाई. १९४४ साली गरोदर असताना पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला आणि उतरायला माणूस लागायचा. ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा, तोवर जवळजवळ फौजी अधिकाऱ्यांपुरतीच होती. १९५२ ला हेलसिंकीत ती पहिल्यांदा बायकांनाही खुली झाली, आणि हार्टेलने आपल्या ज्युबिलीवर बसून, पुरुषांच्या बरोबरीने उतरून, रौप्यपदक घेतलं. चार वर्षांनी पुन्हा घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "वजन किती चालतं?" ५२ भरले. आता ते गुरुवारी दुकान उशिरा उघडतात. पहिल्या दिवशी वर बसल्यावर म्हणाले, मी आयुष्यात पहिल्यांदा उभ्या माणसांकडे वरून बघतो आहे.

मागणी वाढत गेली तशी मला मैनाची काळजी वाटू लागली. तिचं काम बाहेरून हलकं दिसतं, गोल गोल चालायचं. पण नांगराच्या बैलाला नांगरताना कोणी दचकू नको, सारखं लक्ष दे असं सांगत नाही. मैनाला थकवा अंगात येण्याआधी मनात येतो. आधी एक कान मागे राहतो. मग नाकपुडीवर सुरकुती. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना शेपटीचा झटका. मग ओट्यापाशी उभं राहायला ती अर्धं पाऊल कमी पडते. एवढं झालं की त्या दिवसाचं काम संपलं. दोन दिवस काम, एक दिवस मोकळी, हा नेम. एका सकाळी दोन तासांहून जास्त नाही. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा सूर्य वर यायच्या आत आटपतो आणि मे महिनाभर बंदच. मोकळ्या दिवशी ती तट्टाबरोबर चरते. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांकडून घेतलेलं हे बुटकं, जाड पायांचं तट्टू वाड्याचं, म्हणजे त्यांच्या फिरत्या वस्तीचं, सामान वाहून मुरलेलं आहे. त्याला आम्ही लहान मुलांसाठी तयार करतोय. तंग आवळताना ते अजून पोट फुगवतं.

गेल्या महिन्यात सुट्टीच्याच दिवशी धडगावकडून एक वडील मुलीला घेऊन आले. पहाटेची गाडी पकडून, वार चुकून. मुलगी अकरा वर्षांची, उजव्या हाताची मूठ जन्मापासून मिटलेली. मैना कडुलिंबाखाली होती, आदल्या दोन्ही दिवशी तिने भरपूर काम केलं होतं. वडील म्हणाले, एकच फेरी. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज तिनं मन नही शे, ताई."

वडिलांचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं, पण मी नाहीच म्हटलं. काकांनी खरारा आणला आणि मुलीच्या डाव्या हातात न देता उजव्या मुठीत दिला. मूठ मिटलेली होतीच, खराऱ्याचा पट्टा त्यात बसला. त्यांनी तिचा हात मैनाच्या खांद्यावर ठेवला आणि केसांच्या दिशेने खाली ओढला. दोनदा त्यांनी ओढला, तिसऱ्यांदा तिने. धूळ उडाली, मैनाने खालचा ओठ लोंबता सोडला. मुलगी पुठ्ठ्यापर्यंत गेली, वळून पलीकडची बाजू केली. पट्टा निसटला तेव्हा तिने बोटं उघडून तो पुन्हा धरला. मी दोन पावलं पुढे गेले आणि तिच्या वडिलांना ते बघायला सांगितलं.

मग आम्ही जेवलो. त्यांना मैनाच्या कामाचे वार लिहून दिले, एक्स-रे लागत नाही पण तिच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हटलं, आणि पुतण्याने त्यांना मोटरसायकलवरून दुपारच्या गाडीला सोडलं.